एल राजा

एल राजा : (इल, येलू, ईल). वेरूळ (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद) व अचलपूर (जि. अमरावती) या दोन नगरांचा संस्थापक आणि वेरूळच्या लेण्यांचा कर्ता म्हणून लोकपरंपरेत प्रसिद्ध असलेला राजा. पुराणांतील इल किंवा सुद्युम्न, मराठी कथाग्रंथांतील अळजपूरचा राजा, जैन तीर्थकथांतील ईल व मुस्लिम आख्यायिकांतील ‘राजा ईल’ अशा निरनिराळ्या रूपांत तो आढळतो. त्याच्या नावाचा शिलालेख, ताम्रपट किंवा नाणे उपलब्ध नाही आणि दख्खनच्या कोणत्याही ज्ञात राजवंशात त्याला जागा देता येत नाही. असे असूनही जवळजवळ हजार वर्षे वेरूळच्या कैलास लेण्याचे कर्तृत्व लोकांनी याच राजाकडे दिले आणि ते ज्याचे होते त्या राष्ट्रकूट कृष्णराजाचे नाव त्या गावात कोणाला ठाऊक राहिले नाही. एल राजाच्या कथेचा विचार मुख्यतः या दृष्टीने करावा लागतो.

वेरूळ येथे सांगितली जाणारी स्थलकथा अशी : एल राजा मृगयेसाठी निघाला असता त्याने ऋषींच्या आश्रमांच्या आश्रयाने राहणारी जनावरे मारली. ऋषींच्या शापाने त्याच्या सर्वांगाला किडे पडले. रानोमाळ भटकत, तहानेने व्याकुळ झालेला तो राजा एका जागी आला. तेथे गाईच्या खुराने पडलेल्या खळग्यात थोडेसे पाणी साचले होते. ते पाणी घेताच त्याच्या अंगावरचे किडे नाहीसे झाले. राजाने तेथेच तप केले. ब्रह्मदेव प्रसन्न झाला आणि त्याने त्या ठिकाणी सरोवर निर्माण केले. हेच पुढे शिवालय तीर्थ म्हणून प्रसिद्धीस आले. वेरूळजवळून वाहणाऱ्या येळगंगा नदीचे नावही लोक या राजाशी जोडतात.

या कथेची एक जुनी लेखी नोंद सर चार्ल्स मॅलेट या इंग्रज अधिकाऱ्याने करून ठेवली आहे. पेशव्यांच्या दरबारी इंग्रजांचा वकील असलेल्या मॅलेटने अठराव्या शतकाच्या अखेरीस वेरूळची लेणी पाहिली व त्यांचे वर्णन एशियाटिक रिसर्चेस या नियतकालिकाच्या सहाव्या खंडात प्रसिद्ध केले. लेणी कोणी कोरली, या त्याच्या प्रश्नाला त्या वेळी दोन उत्तरे मिळाली. स्थानिक ब्राह्मणांनी त्यास सांगितले, की ही लेणी ७,८९४ वर्षांपूर्वी एलिचपूरच्या एलू राजाने कोरविली. राजाच्या अंगाला किडे पडले होते, तो शिवालय तीर्थाच्या शोधात आला. तीर्थ आटून गाईच्या खुराएवढे उरले होते, तेव्हा त्याने त्यात वस्त्र भिजवून अंग पुसले व तो बरा झाला. मुस्लिम माहितगाराने सांगितलेली हकीकत निराळी होती : वेरूळ गाव राजा ईल याने वसविले, लेणी त्यानेच कोरविली, देवगिरीचा किल्लाही त्याचाच, आणि तो शाह मोमिन आरिफ या संतपुरुषाचा समकालीन असून त्याला नऊशे वर्षे झाली. दोन्ही उत्तरांत काळाचे अंतर सात हजार वर्षांचे आहे, पण राजा एकच आहे. वर्षांची संख्या एककापर्यंत नेमकी सांगण्याची पहिल्या उत्तरातील हातोटी लक्षात घेण्यासारखी असली, तरी इतिहासाच्या दृष्टीने दुसरे उत्तर, चुकीचे असूनही, सत्याच्या बरेच जवळ जाते. कारण नऊशे वर्षे मागे मोजल्यास आपण राष्ट्रकूटांच्या काळात येऊन पोहोचतो.

एल राजाच्या कथेचे सर्वांत रोचक रूप मराठीतील कथाकल्पतरू या ग्रंथात आहे. पंधराव्या शतकाच्या अखेरीस व सोळाव्याच्या प्रारंभी होऊन गेलेल्या कृष्ण याज्ञवल्की याने पुराणकथांचा हा मोठा ओवीबद्ध संग्रह रचला. त्यातील कथेनुसार अळजपूरचा (म्हणजे अचलपूरचा) राजा पूर्वजन्मीच्या पातकामुळे दुर्धर व्याधीने पीडित होता. त्याच्या राणीने एलापूरच्या घृष्णेश्वराला नवस केला, की राजा बरा झाल्यास मी येथे देऊळ बांधीन आणि त्या देवळाचे शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाही. राजा तीर्थात स्नान करून बरा झाला आणि राणीने उपवास आरंभिला. बोलावून आणलेल्या शिल्पींनी एकमुखाने सांगितले, की पाया, जोते, भिंती व मग शिखर या क्रमाने काम करावयाचे तर पुष्कळ महिने लागतील. तितके दिवस उपाशी राहून राणी जगणार कशी, असा पेच पडला. तेव्हा कोकास नावाचा पैठणचा शिल्पी पुढे आला व एका आठवड्यात शिखर दाखविण्याची त्याने हमी दिली. त्याने बांधकामाचा क्रमच उलटा केला. डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरीत जाण्याचे त्याने ठरविले, त्यामुळे शिखर सर्वांत आधी तयार झाले. राणीने ते पाहून उपवास सोडला. तिच्या माणिकावती या नावावरून देवालयास माणिकेश्वर हे नाव मिळाले आणि त्याच्या भोवती राजाने एलापूर नगर वसविले.

कैलास लेणे प्रत्यक्ष पाहिलेल्याला या कथेचे मर्म सांगावे लागत नाही. सुमारे ८४ मी. लांब व ४७ मी. रुंद अशा खोदकामात उभे असलेले हे देवालय बांधलेले नसून एकाच अखंड खडकातून कोरून काढले आहे. प्रथम डोंगरात खोल चर घेऊन मधला प्रचंड खडक सुटा केला गेला व नंतर तो शिखरापासून पायथ्याकडे घडवीत आणला, याविषयी अभ्यासकांत मतभेद नाही. ज्यांना राष्ट्रकूटांचे नावही ठाऊक नव्हते, त्या कथाकारांना कामाची पद्धत मात्र अचूक ठाऊक होती. राणीचा उपवास हे या पद्धतीला शोधलेले कारण होय. एरवी शिखरापासून आरंभ करण्यासारखी विपरीत गोष्ट कोणी का करावी, या पाहणाऱ्याच्या मनातील शंकेला कथेने घरगुती पण समाधानकारक उत्तर दिले आहे.

यातील कोकासही केवळ कल्पित असावा असे वाटत नाही. वसुदेवहिंडी या प्राचीन प्राकृत कथाग्रंथात कोक्कास नावाचा सुतार येतो. तो यवनांच्या देशात जाऊन आपली कला शिकला व परत आल्यावर त्याने आकाशात उडणारी लाकडी कबुतरे केली, अशी ती कथा आहे. पुढे अकराव्या ते तेराव्या शतकांतील मध्य भारतातील कोरीव लेखांत काही सूत्रधार आपण कोकासाच्या कुळातील असल्याचे अभिमानाने सांगतात. या पुराव्यावरून म. के. ढवळीकर यांनी कोकास हा कैलास लेण्याचा प्रमुख स्थपती असावा व माणिकेश्वर हे त्या लेण्याचे मूळचे नाव असावे, असे मत मांडले. ते सर्वमान्य झाले नसले तरी विचारार्ह आहे. ग्रीक पुराणकथांतही, उडण्यासाठी पंख तयार करणाऱ्या डेडलस या कारागिराला आश्रय देणाऱ्या सिसिलीतील एका लहानशा राजाचे नाव कोकॅलॉस असे आहे. परंतु असल्या ध्वनिसाम्यावर काहीही उभारू नये. एल राजाची सारी कथाच ध्वनिसाम्यातून कशी वाढली हे पुढे दिसेलच.

पुराणांत इल नावाचा राजा आहे. तो वैवस्वत मनूचा पुत्र (वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडानुसार कर्दम प्रजापतीचा पुत्र व बाल्हीक देशाचा राजा) असून मृगया करीत शिवपार्वतीच्या क्रीडावनात शिरल्यामुळे तो स्त्री झाला. त्या अवस्थेत त्याला (म्हणजे इलेला) चंद्रपुत्र बुधापासून पुरूरवा हा पुत्र झाला आणि त्याच्यापासून चंद्रवंश किंवा ऐल वंश सुरू झाला. भागवत पुराणात या राजाचे नाव सुद्युम्न असून, वसिष्ठाच्या प्रार्थनेवरून शिवाने त्याला एक महिना पुरुष व एक महिना स्त्री असे राहण्याचा वर दिला. स्त्रीपुरुषत्वाच्या पालटाची अशी कथा ग्रीकांतही आहे. थेसलीतील लॅपिथ लोकांचा राजा कायनेउस हा मूळचा कायनिस नावाची कन्या होता. पोसायडन या समुद्रदेवाच्या वराने तो पुरुष झाला. मात्र त्या कथेतील पालट मागून घेतलेला आहे. इलावर तो लादला गेला.

पुराणातील इल व वेरूळचा एल यांची सांगड घालणारा दुवा ब्रह्मपुराणाच्या गौतमीमाहात्म्यात सापडतो. गोदावरीच्या काठच्या तीर्थांचे वर्णन करताना त्यात इलातीर्थ येते. पुरूरवा आपल्या मातेला गौतमीच्या तीरावर आणतो व तेथे इलेला पुन्हा पुरुषत्व लाभते, असे तेथे सांगितले आहे. मृगयेतील अपराध, शरीराला आलेली विकृती व दख्खनमधील पाण्याने झालेली मुक्ती हे वेरूळच्या कथेतील तिन्ही टप्पे येथे क्रमाने येतात; स्त्रीत्वाच्या जागी किडे आले एवढाच फरक. याला आणखी एका नामसाम्याची मदत झाली. पुराणांत ऐलांची राजधानी प्रतिष्ठान ही आहे. ते प्रतिष्ठान गंगा-यमुनांच्या संगमाजवळचे, आजच्या झूशीच्या परिसरातील, होय. परंतु मराठवाड्यातील श्रोत्याला प्रतिष्ठान म्हणजे पैठण हेच ठाऊक. आणि पैठण हे वेरूळहून फार दूर नाही. उत्तरेतील राजा अशा रीतीने गोदावरीच्या खोऱ्यात उतरला.

विदर्भातील परंपरा वेगळ्या वळणाने गेली. अचलपूर नगर ईल नावाच्या जैन राजाने संवत् १११५ (इ. स. १०५८) मध्ये वसविले, असे तेथे सांगत. वाशिम जिल्ह्यातील शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या तीर्थकथेत हाच राजा कुष्ठरोगी आहे : शिकारीस गेला असता त्याने एका तळ्यात हातपाय व तोंड धुतले; तेवढे भाग निरोगी झाल्याचे राणीच्या ध्यानात आले; शोध घेता पाण्यात पार्श्वनाथाची मूर्ती मिळाली. मागे वळून न पाहता ती नगरात न्यावी अशी अट होती. राजाने वळून पाहिले आणि मूर्ती जेथल्या तेथे अधांतरी राहिली. चौदाव्या शतकात जिनप्रभसूरीने लिहिलेल्या विविधतीर्थकल्पात या राजाचे नाव श्रीपाल असे आहे. ईल हे नाव त्याला नंतरच्या परंपरेत चिकटले. मुस्लिम परंपरेत याच राजा ईलाशी लढताना शाह दूल्हा रहमान गाझी यांना वीरमरण आले. ते गझनीच्या महमूदाचे भाचे मानले जातात व त्यांचा दर्गा अचलपूर येथे आहे. महमूद १०३० मध्ये मरण पावला, ईलाने नगर वसविले ते १०५८ मध्ये. या तारखांची मोट बांधण्याचे प्रयत्न झाले, पण ते निष्फळ आहेत. लक्षात घ्यावयाचे ते हे, की शैव, जैन व मुस्लिम अशा तिन्ही समाजांना आपापल्या पवित्र स्थळाचा आरंभ सांगताना याच राजाची गरज पडली. कोठे तो भक्त आहे, कोठे पाखंडी शत्रू. पण त्या भूमीचा जुना धनी तोच, यावर सर्वांचे एकमत आहे.

एवढे सर्वमान्यत्व लाभलेला राजा मुळात आला कोठून? याचे उत्तर स्थलनामांत आहे. तिवरखेड येथे सापडलेला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट (शक ५५३, इ. स. ६३१) अचलपुराहून दिलेला आहे. म्हणजे कथेतला ईल जन्मण्याच्या चारशे वर्षे आधीच ते नगर होते आणि त्याचे नावही अचलपूर हेच होते. बाराव्या शतकातील वैयाकरण हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात वर्णांच्या अदलाबदलीचे उदाहरण म्हणून नेमका हाच शब्द दिला आहे : अचलपूर याचे प्राकृतात अलचपूर होते. या अलचपुरापासून मराठीत अळजपूर आणि पुढे एलिचपूर झाले. एलिचपुरातील ‘एल’ असा ‘अचल’ शब्दातून निघालेला आहे. तेथे कोणा राजाला वाव नाही. इकडे वेरूळचे जुने नाव एलापूर हे नवव्या शतकाच्या आरंभीच्या ताम्रपटात आहे आणि महानुभावांच्या लीळाचरित्रात श्रीचक्रधरांच्या तेथील वास्तव्याच्या प्रसंगाने तेच नाव येते. त्यातूनच पुढे वेरूळ हे रूप सिद्ध झाले. एलापूर व एलिचपूर या, सरळ रेषेत मोजले तरी पावणेतीनशे किमी. अंतर असलेल्या दोन नगरांची नावे कानाला सारखी लागू लागली, तेव्हा दोघांचा संस्थापक एकच असला पाहिजे, असे लोकांनी ठरविले. राजाचे नाव गावाला मिळाले नाही, गावाच्या नावातून राजा निघाला.

ही प्रक्रिया सार्वत्रिक आहे. ग्रीसमधील स्पार्टाच्या प्रदेशाला लॅसिडीमन म्हणत. दुसऱ्या शतकातील प्रवासी पॉसेनियस याने तेथे ऐकलेली वंशावळ अशी : लॅसिडीमन नावाचा राजा होता, त्याची आई टेयगेटी हिच्यावरून पर्वताला नाव पडले, त्याचा सासरा युरोटस याचे नाव नदीला मिळाले, राजाने देशाला आपले व नगराला आपली राणी स्पार्टा हिचे नाव दिले. म्हणजे पर्वत आई, नदी सासरा, नगर बायको! नकाशावरील नावांतूनच हे कुटुंब उभे केले आहे, हे उघड आहे. एल राजा, येळगंगा, एलापूर व माणिकेश्वराची राणी माणिकावती यांची जुळणी याच्याशी ताडून पाहावी. फरक इतकाच, की ग्रीक राजाला नामकरणाखेरीज फारसे काम नाही. मराठी राजाला व्याधी आहे, नवस करणारी राणी आहे आणि एक अशक्यप्राय वास्तू आहे.

त्या वास्तूचा खरा कर्ता एकोणिसाव्या शतकात उजेडात आला. गुजरातच्या राष्ट्रकूट शाखेतील कर्क सुवर्णवर्ष याचा बडोद्याचा ताम्रपट (शक ७३४, इ. स. ८१२–१३) पूर्वीच प्रसिद्ध झाला होता, पण त्यातील श्लोकांचा अर्थ नीट लागला नव्हता. कैलासाचे श्रेय काही विद्वान दंतिदुर्गाला देत. रा. गो. भांडारकर यांनी १८८३ मध्ये या श्लोकांची चिकित्सा करून दाखविले, की त्यांत एलापूरच्या डोंगरावरील अद्भुत शिवालय राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण (कार. सु. ७५६–७३) याने करविल्याचे म्हटले आहे. विमानातून जाणारे देव ते पाहून हे स्वयंभू असले पाहिजे, मनुष्याच्या हातून असे होणे नाही, असे म्हणतात आणि खुद्द शिल्पीही आपण हे केले कसे याचे आश्चर्य करतो, असे त्यात वर्णन आहे. कृष्णाच्या मृत्यूनंतर अवघ्या चाळीस वर्षांत लिहिलेला हा मजकूर आहे. कवीने शिल्पी आणला, पण त्याचे नाव दिले नाही. राजाचे नाव मात्र वंशावळीत नोंदविले. लोकांनी नेमके उलट केले. राजाचे नाव विसरून त्यांनी शिल्प्याचे नाव जपले. या दृष्टीने ताम्रपट व कथा एकमेकांना पूरक ठरतात आणि केवळ ताम्रपट हाती आला म्हणून कथा टाकून द्यावी, असे म्हणता येत नाही.

कथेत इतिहासाचा आणखी एखादा धागा असण्याची शक्यता काही अभ्यासकांना वाटते. अ. स. आळतेकर यांनी मान्यखेटच्या राष्ट्रकूटांचा संबंध अचलपूरच्या नन्नराजाच्या घराण्याशी जोडला होता. तो मान्य केला, तर कैलास करविणारा राजा अळजपूरचा होता, या कथाकल्पतरूच्या विधानात वंशाच्या मूळ स्थानाची धूसर आठवण आहे, असे म्हणता येईल. कल्पना आकर्षक आहे. पण नामसाम्याने दोन्ही गावे जोडली गेल्याचे स्पष्टीकरण साधे आणि पुरेसे असल्याने तिच्यावर फार भार टाकणे इष्ट नाही.

वेरूळच्या लेण्यांना लोकांनी दिलेली नावे पाहता आणखी एक गोष्ट जाणवते. रावणकी खाई, सीतेची नहाणी, सुताराचे झोपडे, कुंभारवाडा, जनवासा अशी ती आहेत; कैलासाला त्यावरील रंगामुळे रंगमहाल म्हणत. ज्याला सर्व लेण्यांचा कर्ता मानले त्या एल राजाचे नाव त्यांपैकी एकालाही नाही. त्याचे खरे स्थान लेण्यांत नसून पाण्याकाठी आहे. शिवालय तीर्थाचे सध्याचे चिरेबंदी कुंड अहिल्याबाई होळकर यांनी अठराव्या शतकात बांधविले. चारही बाजूंनी उतरत्या पायऱ्या व त्यांवर लहान देवळ्या अशी त्याची रचना आहे. ज्या घृष्णेश्वर मंदिराशी हे तीर्थ निगडित आहे, त्याचा जीर्णोद्धार मालोजी भोसले व पुढे होळकर घराण्याने केला. यात्रेकरूंना एल राजाची, गाईच्या खुरातील पाण्याची व बरे झालेल्या व्याधीची कथा सांगितली जाते ती येथे. कैलास लेणे तेथून सुमारे एक किमी. अंतरावर असून त्यात कृष्णराजाचे नाव देणारा लेख नाही.